ज्या कामाची कुणी वाट पाहतं

आयटीआयच्या फिटर ट्रेडला नव्याने दाखल झालेल्या मुलाच्या हातात सुरुवातीलाच कानस येते. व्हाइसमध्ये एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पाय कुठे ठेवायचे, कोपर किती वाकवायचं, पुढे ढकलताना दाब कसा बदलत न्यायचा आणि मागे घेताना तो का काढून घ्यायचा, हे अंगात मुरायला आठवडे जातात. नवख्या हाताखाली कानस डुलते, तुकड्याच्या कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग फुगीर राहतो. वर गुण्या ठेवून तुकडा उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतो आणि मुलगा मुकाट्याने पुन्हा घासू लागतो. मग काटकोन येतो, हॅक्सॉने कापणं येतं, ड्रिल आणि टॅप येतो. पुढे एका तुकड्याची खाच आणि दुसऱ्याचा दात एकमेकांत बसवायचे असतात. निदेशक व्हर्निअर लावून मापं घेतात, गुण देतात, वहीत सही करतात. ‘जॉब’ कपाटात जातो आणि परीक्षा आटोपली की भंगारात.

हे शिक्षण वाया जातं असं मी म्हणणार नाही. हात तयार व्हायला असा सराव लागतोच. पण दोन वर्षं मन लावून केलेल्या त्या कामांपैकी एकाचीही कुणाला गरज नव्हती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तुकडा अर्धा मिलिमीटर कमी भरला तर चार गुण गेले. कुणाचं यंत्र अडलं नाही, कुणाची ऑर्डर रखडली नाही, कुणी दारात येऊन ‘अजून झालं नाही का?’ असं विचारलं नाही.

व्यवसाय शिक्षणाची चर्चा निघाली की पहिली तक्रार यंत्रांची असते. लेथ जुने आहेत, सीएनसी नाही, आहे तर ती चालवणारा नाही. तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर पैसा खर्च व्हायलाच हवा. मात्र नवं यंत्र आणलं तरी त्यावर उद्या भंगारात जाणारेच तुकडे निघणार असतील तर कारखाना शाळेत आला असं होत नाही. कामाच्या जागेला कामाची जागा बनवतो तो कामाची वाट पाहणारा माणूस. तो शाळेत आणता येतो का, कसा आणता येतो आणि आणताना काय सांभाळावं लागतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी कामाच्या जागेत नेमकं काय असतं ते जवळून पाहू. त्यासाठी मोठ्या कारखान्यात जायची गरज नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालेल.

शेतकरी पिकअपमध्ये टाकून विहिरीवरची मोनोब्लॉक मोटर घेऊन येतो. ‘जळाली, भरून द्या,’ एवढंच त्याचं म्हणणं. मोटरवर गाळाचा थर, बोल्ट गंजून बसलेले, नेमप्लेटवरची अक्षरं पुसलेली. पूर्वी ती कुणीतरी एकदा-दोनदा भरलेली असणार, म्हणजे आत कंपनीचेच वेढे आहेत याची खात्री नाही. कारागीर झाकण उघडतो तेव्हा जळक्या वार्निशचा वास येतो, आणि खरं वाचन तिथून सुरू होतं. मोटरची जोडणी स्टार असेल आणि तिच्या तीन फेजपैकी दोनच काळ्या पडून तिसरी स्वच्छ राहिली असेल, तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली हे उघड होतं. सगळा प्रवाह दोन गुंडाळ्यांतून गेला, तिसरी रिकामी राहिली. डेल्टा जोडणीत चित्र उलटं दिसतं: एक फेज जळते आणि दोन वाचतात. सगळ्याच फेज सारख्या काळवंडल्या असतील तर मोटरवर भार जास्त पडला, व्होल्टेज कमी मिळालं किंवा पंप कुठेतरी अडकला. रोटरवर घासल्याची चकाकी असेल तर बेअरिंग गेलं आहे, आणि ते न बदलता मोटर भरली तर महिन्याभरात ती परत दारात येणार.

मग शेतकऱ्याला विचारावं लागतं. रात्रीची लाइट होती का? कपॅसिटर लावून दोन फेजवर चालवत होता का? ऑटो स्टार्टर आहे की काढून ठेवला? हे प्रश्न त्याला दोष दिल्यासारखे न वाटता विचारणं हाही त्या धंद्याचाच भाग आहे. कारण मोटर जळाल्याने त्याचं पाणी आधीच तुटलेलं आहे, कांदा किंवा ऊस उन्हात उभा आहे आणि खर्च अंगावर आला आहे. त्यानंतर जुनी गुंडाळी काढायची, काढताना वेढे मोजायचे, तारेवरचं इनॅमल घालवून मायक्रोमीटरने जाडी मोजायची, कॉइल किती स्लॉट सोडून पडते ते वहीत टिपायचं. स्लॉटमध्ये कागद, त्यात नवी कॉइल, बांधणी, वार्निश, वाळवण, मेगरने इन्सुलेशनची तपासणी, आणि शेवटी मोकळी चालवून तिन्ही फेजचा प्रवाह सारखा येतो का ते पाहणं. वेढे मोजताना गफलत झाली तर तांबं फुकट जातं, आणि तांब्याचा भाव प्रत्येक रिवाइंडरला तोंडपाठ असतो.

शाळेतल्या प्रात्यक्षिकातही मोटर भरतात. पण ती स्वच्छ असते, तिचे बोल्ट आधीच्या पंचवीस जणांनी उघडलेले असतात, वेढ्यांची संख्या फळ्यावर लिहिलेली असते. बिघाड शिकवायचा असेल तर निदेशक स्वतःच एक तार सोडवून ठेवतात, म्हणजे उत्तर खोलीतल्या एका माणसाला आधीपासून ठाऊक असतं. दुकानात उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. मला वाटतं, दोन्ही ठिकाणांतलं सगळ्यात मोठं अंतर हेच आहे.

दुसरं अंतर गुणांचं. चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या कुठल्याही वाहनभागांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर ‘गो–नो गो’ गेज असतं. भोकासाठीचं प्लग गेज म्हणजे दोन टोकांची छोटी दांडी. ‘गो’ टोक भोकात गेलंच पाहिजे आणि ‘नो गो’ टोक जाता कामा नये. पहिलं टोक गेलं नाही तर भोक लहान, दुसरं गेलं तर मोठं. दोन्ही वेळी नग बाजूला काढला जातो. इथे शंभरपैकी सत्तर असं काही नसतं. शाळेत सत्तर गुण मिळवणारा मुलगा हुशार समजला जातो. सत्तर टक्के न गळणारी पाण्याची टाकी कुणी विकत घेत नाही. पहिल्या नोकरीत मुलं ज्या गोष्टीने गोंधळून जातात ती बहुतेक वेळा हीच असते, आणि तिच्यासाठी त्यांना कुणी तयार केलेलं नसतं.

शाळा आणि कामाची जागा यांची ही ताटातूट झाली कशी? तिच्यामागे दुर्लक्षापेक्षा एका फार बुद्धिमान माणसाचा विचार आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धंदा शिकायचा तर उस्तादाच्या हाताखाली राहायचं, हा जगभरचा शिरस्ता होता. त्यात वर्षं जात. शिकणं कामाच्या ओघात होईल तसं होई. ज्या महिन्यात ज्या प्रकारचं काम आलं ते शिकायचं, नाहीतर झाडलोट करायची. मॉस्कोच्या इंपिरियल टेक्निकल स्कूलचे प्रमुख व्हिक्टर डेला-व्होस यांना इंजिनिअर होणाऱ्या मुलांना थोड्या काळात हातकाम शिकवायचं होतं. १८६८ च्या सुमारास त्यांनी सुतारकाम, लोहारकाम, फिटिंग, टर्निंग या प्रत्येक धंद्याची बारीक चिरफाड केली. कोणती हत्यारं, कोणते सांधे, कोणत्या मूळ क्रिया, हे वेगळं काढलं आणि त्यांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी नमुन्यांची मालिका लावली. प्रत्येक मुलाला स्वतःचा बाक आणि स्वतःची हत्यारं. आधीचा नमुना जमल्याशिवाय पुढचा नाही. एक शिक्षक एकाच वेळी कितीतरी मुलांना शिकवू लागला. आजच्या फिटर ट्रेडमधला कानशीपासून सुरू होणारा क्रम याच विचाराच्या कुळातला आहे.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. एमआयटीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि ते भारावून गेले. त्यांनी ही पद्धत आपल्या संस्थेत आणली आणि तिथून ती अमेरिकेतल्या शाळांमध्ये पसरली.

पण मॉस्कोत या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग होता. सरावाच्या कार्यशाळेत तयार झालेली मुलं पुढे संस्थेच्याच उत्पादनाच्या कार्यशाळेत जात, आणि तिथे बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या खऱ्या ऑर्डरी पुऱ्या केल्या जात. डेला-व्होस यांनी शिकवणं आणि उत्पादन वेगळं केलं ते आधी एक आणि मग दुसरं यावं म्हणून. रंकल यांना महत्त्वाचा वाटला तो पहिला भाग, आणि त्यांनी तेवढाच उचलला. उत्पादनाच्या कार्यशाळेला खर्च लागतो, जागा लागते, गिऱ्हाइकांशी व्यवहार ठेवावा लागतो; शाळेला ते झेपत नाही, हे समजण्यासारखं आहे. तरी त्यानंतर जगभर जी शेकडो शाळांची शॉप्स उभी राहिली त्यांपैकी बहुतेकांत जिना अर्ध्यावरच थांबला.

उस्तादाकडचं शिकणं मात्र डेला-व्होस यांना दिसलं तितकं अव्यवस्थित नसतं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या हाताखालच्या उमेदवारांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने मुलं शिकतात. कपडा तयार होताना आधी बेतणं-कापणं, मग शिवणं, शेवटी बटणं आणि इस्त्री. उमेदवार मात्र बटणं, कडा दुमडणं आणि इस्त्रीपासून सुरुवात करतो, मग शिवायला लागतो आणि कात्री अगदी शेवटी हातात घेतो. कारण साधं आहे. शिवण चुकली तर उसवता येते. कापड चुकीचं कापलं तर गिऱ्हाइकाचं कापड गेलं. शिवाय तयार होत आलेला कपडा रोज हाताळल्यामुळे त्याचे भाग कसे जुळतात हे कापण्याआधीच डोक्यात पक्कं बसतं. सुरुवातही टोप्या आणि लहान मुलांच्या चड्ड्या अशा वस्तूंनी होते, मोठ्यांचा सूट फार नंतर. आपल्याकडचा टेलरही हेच करत आला आहे. काज-बटण करणारा पोरगा, मग मशीनवर बसणारा, आणि सगळ्यात शेवटी गळ्यात टेप अडकवलेला कटिंग मास्तर.

या निरीक्षणाचं मोल मला फार वाटतं. खऱ्या गिऱ्हाइकाचं काम नवशिक्याच्या हातात कसं द्यायचं याचं उत्तर त्यात आहे. चुकीची किंमत जिथे कमी तिथून सुरुवात करायची. पहिल्याच दिवसापासून काम खरं असतं, फक्त त्यातला त्याचा वाटा छोटा आणि दुरुस्त होण्याजोगा असतो. मोटरच्या बाबतीत बोलायचं तर नव्या मुलाने आधी मोटर उघडावी, साफ करावी, नोंदी घ्याव्यात, बेअरिंग तपासावं, भरलेल्या मोटरची मेगरने तपासणी करावी. तांब्याची तार त्याच्या हाती त्यानंतर यावी.

महाराष्ट्रात हे सगळं एका दुष्काळी गावात, फार थोड्या पैशांत करून दाखवणारा माणूस होऊन गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळला जाऊन राहिले आणि १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू झाला. मातृसंस्था पुण्याची भारतीय शिक्षण संस्था. पाबळ पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, पाऊस कमी, शेती बेभरवशाची. शाळा सोडलेल्या मुलांपासून काम सुरू झालं. हातांनी काम करताना डोकं चालतं, आणि गावात शिकण्यासारख्या कामांची वाण नाही, हा कलबागांचा विश्वास होता.

पाबळच्या अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. एका मुलाला चारही. एकाच धंद्यात तरबेज करण्यापेक्षा गावात लागणारी बरीच कामं हाताळता यावीत, हा हेतू. पुढे हाच अभ्यासक्रम शाळांसाठी बांधला गेला आणि राज्य मंडळाच्या मान्यतेने आठवी ते दहावीच्या वर्गांत आला. आठवड्यातला एक दिवस या कामांसाठी. तो महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत ‘आयबीटी’ या नावाने ओळखला जातो.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, आपल्या लहानपणी होता तो कार्यानुभवच की हा. फरक पुढे आहे. पाबळची पद्धत अशी की मुलांनी केलेलं काम गावाला सेवा म्हणून द्यायचं. मातीची तपासणी करायची ती कुणाच्या तरी शेतातल्या मातीची, आणि अहवाल त्या शेतकऱ्याला द्यायचा. हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासायला शिकायचं ते गावातल्या बाया-माणसांचं तपासून. जमिनीचा विद्युत रोध मोजून विहिरीसाठी पाण्याचा अंदाज घ्यायचा तो खरंच विहीर खणायला निघालेल्या माणसासाठी. घुमटाकार घरं, जीपच्या भागांपासून बनवलेला ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर अशा गोष्टी इथे उभ्या राहिल्या. २००२ साली एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा आली. जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक.

कलबागांच्या व्यवस्थेतली मला सर्वांत धाडसी वाटणारी गोष्ट शिक्षकाविषयी आहे. शिकवणारा स्वतः उद्योजक असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. शाळेच्या वेळेबाहेर त्याने त्याच कार्यशाळेत स्वतःचा धंदा करावा, गावाच्या ऑर्डरी घ्याव्यात, पैसे कमवावेत. नोकरशाहीच्या डोळ्यांना हे खटकतं. सरकारी यंत्रांवर खाजगी धंदा! पण परिणाम पाहा. अशा शिक्षकाचं यंत्र कधी बंद पडून राहत नाही, कारण बंद यंत्र त्याचं पोट मारतं. बाजारात वेल्डिंग रॉडचा आजचा भाव काय, लोकांना आता कोणत्या प्रकारची खिडकी हवी असते, गेट उघडताना ते जमिनीला का घासतं, हे त्याला पुस्तकातून शोधावं लागत नाही. एरवी पंधरा वर्षं शॉपच्या चार भिंतींत काढलेल्या निदेशकाने कारखान्याची हवा मुलांना द्यावी ही अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्यायाचं आहे.

आणि हिशेब. पाबळच्या अभ्यासक्रमात ड्रॉइंग आणि कॉस्टिंग प्रत्येक कामाला जोडलेलं असतं. खिडकीचं ग्रिल करायचं तर आधी कागदावर काढायचं, सळई किती मीटर लागेल ते मोजायचं, मग वजन. लोखंड मोजलं जातं लांबीने, विकलं जातं वजनाने. व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करून १६२ ने भागलं की मीटरमागे किलो निघतात, हे सूत्र प्रत्येक फॅब्रिकेटरच्या जिभेवर असतं. १० मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.६२ किलो भरते, १२ ची सुमारे ०.८९. फळ्यावर हे गणित दोन गुणांचं असतं. पण मुलाने आधी गिऱ्हाइकाला भाव सांगितला, काम केलं आणि मग कळलं की कापताना उरलेले तुकडे, रॉड, वीज आणि रंग त्याने धरलेच नव्हते, तर ते गणित तो आयुष्यात विसरत नाही.

या वाटेवर एक जुना धोकाही आहे, आणि त्याची चर्चा वर्ध्यात फार आधी झाली आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी वर्ध्यात शिक्षणपरिषद बोलावली आणि तिथून नयी तालीमची कल्पना पुढे आली. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगातून द्यावं, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, अशी त्यांची मांडणी होती. त्याच परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला: शाळांनी माल विकायला काढला तर तो गावच्या कारागिरांशी स्पर्धा करील. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनेही आपल्या अहवालात इशारा दिला की आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका आहे.

इशारा आजही लागू आहे. ऑर्डर पुरी करायची घाई झाली की जो मुलगा ड्रिल चांगलं करतो त्याला दिवसभर ड्रिलवरच उभं केलं जातं. काम वेगाने होतं, मुलगा काही शिकत नाही. उमेदवारीच्या नावाखाली कारखान्यात गेलेल्या कितीतरी मुलांचं हेच होतं. वर्षभर एकाच यंत्रात नग घालायचे आणि काढायचे. कामाच्या जागेतल्या सगळ्याच अटी शाळेत आणायच्या नसतात. वेल्डिंगचा धूर कोंडणारं शेड, गॉगल नसलेलं ग्राइंडिंग, गार्ड काढून चालवलेला प्रेस, रात्रपाळीचा थकवा हेही वास्तवच आहे. ते वर्गात आणू नये. त्याला नकार कसा द्यायचा ते शिकवावं. कायद्यानेही शिकाऊ उमेदवाराचं किमान वय १४ आणि धोकादायक उद्योगांत १८ ठरवलेलं आहे.

मग खऱ्या कामातलं घ्यायचं काय? जर्मनीत याचा विचार खूप झाला आहे. तिथली दुहेरी पद्धत सर्वांना ऐकून माहीत असते: आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत, बहुतेक व्यवसायांत मुदत तीन ते साडेतीन वर्षं, कंपनीशी करार, दरमहा विद्यावेतन, आणि शेवटची परीक्षा उद्योगमंडळाकडून. १९६९ च्या कायद्याने तिला देशभर एक चौकट मिळाली. पण मोठ्या कारखान्यांनी मुलांसाठी वेगळी शिक्षण-कार्यशाळा बांधली तेव्हा गंमत अशी झाली की कारखान्याच्या कुंपणाच्या आत पुन्हा शाळाच तयार झाली. तेच सरावाचे तुकडे, तेच भंगार. म्हणून १९९० च्या दशकात तिथल्या काही मोठ्या कारखान्यांत प्रत्यक्ष उत्पादनाच्या शेडमध्येच शिकाऊंच्या छोट्या तुकड्यांसाठी जागा राखल्या गेल्या. काम खरं, नग खरे, पुढच्या विभागात जाणारे. फक्त वेळ जास्त, आणि सोबत एक अनुभवी कामगार. वास्तवाचा वेळेचा तेवढा धागा सैल सोडायचा, बाकी सगळे ताणून ठेवायचे, ही युक्ती आपल्या शाळांनाही परवडण्यासारखी आहे.

वाणिज्य शाखेसाठी जर्मन शाळांनी आणखी एक प्रकार रुजवला: सरावाची कंपनी. मुलं कार्यालय चालवतात, कोटेशन पाठवतात, बिलं करतात, पगारपत्रक काढतात. माल आणि पैसा काल्पनिक, पण पलीकडे दुसऱ्या शहरातली, कधी दुसऱ्या देशातली तशीच कंपनी असते. तिला बिल चुकीचं गेलं तर तिथली मुलं खडसावून पत्र पाठवतात. जगात अशा हजारो कंपन्या आहेत. इथे यंत्र एकही नाही, तरी कामाची जागा पुरेपूर आहे, कारण उत्तराची वाट पाहणारं कुणीतरी पलीकडे आहे.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. आयटीआयमध्येही काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात अशी दुहेरी योजना आली आहे. ज्या गावांभोवती मोठे उद्योग आहेत तिथे ती चांगली चालू शकते. पण सटाणा, किनवट, देवगडच्या मुलाचं काय? त्याचा पुढचा मालक दोन-तीन माणसांचं दुकान चालवणारा रिवाइंडर, फॅब्रिकेटर किंवा गॅरेजवाला असणार. पुष्कळदा तो मुलगा स्वतःच आपला मालक होणार. त्या दुकानाला कायदा लागू नाही आणि तिथे शिकाऊंसाठी वेगळा माणूसही नाही. अशा ठिकाणी मुलाला कारखान्यात पाठवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला शाळेत आणणंच शक्य आहे.

ते कसं करावं याविषयी माझं मत आता पक्कं झालं आहे. एका आयटीआयने एकच सेवा निवडावी आणि ती नीट चालवावी. पहिलं गिऱ्हाईक सार्वजनिक असावं: जिल्हा परिषदेच्या शाळांचे मोडके बाक, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा पंप, आरोग्य उपकेंद्राचं वायरिंग. त्यामुळे शहा यांच्या आक्षेपाला उत्तर मिळतं. बाजारातल्या कारागिराचं गिऱ्हाईक तुटत नाही. त्या कारागिराला उलट आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन शिकवायला बोलवावं. वस्तू घेताना मालकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: काम मुलं करणार, आणि वेळ दुकानापेक्षा जास्त लागणार. मोबदला सामानाचा घ्यावा. नासाडी होणारच, तिच्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला वेगळी रक्कम बाजूला ठेवावी आणि त्या रकमेचा हिशेब मुलांनीच ठेवावा. शेवटची तपासणी निदेशकाची.

आणि एक नोंदवही. तिच्यात वस्तू आल्याची तारीख, मालकाने सांगितलेली तक्रार, उघडल्यावर प्रत्यक्ष सापडलेला बिघाड, काम करणाऱ्याचं नाव, लागलेलं सामान, कबूल केलेली तारीख, दिलेली तारीख. मालकाने सांगितलेलं आणि सापडलेलं, हे दोन रकाने शेजारी-शेजारी असावेत. चार-सहा महिन्यांत त्या दोन रकान्यांतून जेवढं निदान शिकता येईल तेवढं कुठलं पाठ्यपुस्तक शिकवणार नाही. शेवटचा रकाना: परत आली का, कशामुळे?

हा रकाना भरायला थांबावं लागतं. पावसाळ्यात भरलेली मोटर तेव्हा फारशी चालत नाही. ती खरी राबते दिवाळीनंतर, गव्हाला-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की, रात्री-अपरात्री, कमी व्होल्टेजवर. तिच्यातला कच्चा सांधा किंवा अपुरं वाळलेलं वार्निश तेव्हा उघडं पडतं. म्हणून भरण्याचं काम पहिल्या वर्षीच्या जून-जुलैत हाती घ्यावं, म्हणजे रब्बी येईल तेव्हा ती भरणारा मुलगा संस्थेतच असेल. परत आलेली मोटर दुसऱ्या कुणाकडे न जाता त्याच्याच बाकावर जावी. शेतकऱ्याला पाण्यासाठी तात्पुरती दुसरी मोटर द्यावी, आणि मुलाने आपल्याच हातची गुंडाळी उघडून, कुठली फेज काळी पडली ते पाहून, नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात कारण लिहावं.